झाकली मूठ आणि मतदाराचा हक्क

निवडणूक तोंडावर आली की प्रत्येक पक्षाच्या प्रवक्त्याला एक वाक्य उच्चारावे लागते : आमच्या पक्षात कोणतेही मतभेद नाहीत. आदल्या दिवशी त्याच पक्षाच्या दोन नेत्यांनी आर्थिक धोरणाविषयी, आरक्षणाविषयी किंवा धर्म आणि राज्य यांच्या संबंधाविषयी एकमेकांना छेद देणारी भाषणे केलेली असली, तरी हे वाक्य बदलत नाही. फार तर ‘चर्चा आहे, मतभेद नाहीत’ किंवा ‘हे पेल्यातले वादळ आहे’ अशी जोड त्याला मिळते. यामागची समजूत आपल्या ओळखीची आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मानून पक्ष निवडणुकीला सामोरे जातात आणि मूठ उघडली तर किंमत जाईल या भीतीने आतला वाद आतच दाबून टाकतात. मला ही समजूत चुकीची वाटते आणि लोकशाहीला ती अपायकारक आहे असे माझे मत आहे. मत देणाऱ्याला मुठीत काय आहे हे आधी कळण्याचा हक्क आहे. त्यामुळे पक्षातला वैचारिक वाद निवडणुकीपूर्वीच, ठरलेल्या नियमांनी आणि नोंद राहील अशा मतदानाने निकाली निघायला हवा. ज्या मुद्द्यावर तो निकाली निघत नसेल, तिथे ‘आमचे अजून ठरलेले नाही’ असे पक्षाने स्वतःहून लिहून दिले पाहिजे.

येथे वैचारिक वाद आणि उमेदवारीचा वाद यांत फरक केला पाहिजे, कारण निवडणुकीच्या दिवसांत दुसरा वाद पहिल्याचे कपडे घालून फिरत असतो. तिकीट नाकारले गेलेल्या माणसाला पक्षाने मूळ विचार सोडल्याचा साक्षात्कार यादी जाहीर झाल्यानंतर होतो, आणि तिकीट मिळाले तर होत नाही. खरा वैचारिक मतभेद ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. तो यादीच्या आधीपासून बोलला जात असतो, तो ठरावाच्या किंवा उपसूचनेच्या रूपात कागदावर मांडता येतो, आणि तो मांडणाऱ्याला त्यासाठी काही गमवावे लागण्याची शक्यता असते. या कसोटीला न उतरणाऱ्या नाराजीवर येथे अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही. खऱ्या मतभेदाला मात्र पक्षात बोलण्याची जागा मिळाली नाही, तर पुढे काय घडते याची उदाहरणे आपल्या इतिहासात भरपूर आहेत.

सगळ्यांत जवळचे उदाहरण सुरतेचे आहे. १९०७ सालचे काँग्रेसचे अधिवेशन आधी नागपूरला व्हायचे ठरले होते. ते सुरतेला हलवण्यात आले, आणि तेव्हापासूनच जहालांच्या मनात संशय होता की कलकत्त्याला आदल्या वर्षी संमत झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे चार ठराव येथे सौम्य केले जाणार. त्या अधिवेशनाचे वर्णन आपण बहुतेक वेळा उडालेल्या जोड्यापासून आणि फेकलेल्या खुर्च्यांपासून सुरू करतो. मला त्याआधीची एक लहानशी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. २७ डिसेंबरला लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्षांकडे एक चिठ्ठी पाठवली होती. अध्यक्षांच्या निवडीच्या ठरावावर आपल्याला तहकुबीची सूचना मांडायची आहे, तेव्हा बोलण्याची संधी द्यावी, असा तिचा आशय होता. तिला उत्तर आले नाही. अध्यक्षपदी रासबिहारी घोष यांची निवड जाहीर होऊन ते भाषणाला उठले तेव्हा टिळक व्यासपीठावर गेले आणि आपला बोलण्याचा हक्क मागत हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. त्यानंतरचा गोंधळ सर्वांना ठाऊक आहे.

मवाळ बरोबर होते की जहाल, हा प्रश्न बाजूला ठेवून त्या चिठ्ठीकडे पाहावे. मतभेद होता, तो लेखी स्वरूपात आला होता, तो मांडण्याची रीत सभ्य होती आणि मागणी फक्त शब्द बोलण्याची होती. तो शब्द नाकारला गेला, कारण विरोधी मत मंचावरून उच्चारले गेले तर संस्थेची एकजूट भंगेल असे नेत्यांना वाटले. प्रत्यक्षात एकजूट भंगली ती चिठ्ठीला उत्तर न दिल्यामुळे. पुढच्या वर्षी काँग्रेसची घटना तयार झाली, पण ती मवाळांनी आपल्या सोयीने आखलेली होती आणि टिळकांच्या गटाला तिच्यात जागा नव्हती. दोन्ही बाजू एकत्र यायला १९१६ चे लखनौ अधिवेशन उजाडावे लागले. देशातील सर्वांत मोठ्या राजकीय संस्थेची नऊ वर्षे यात गेली.

त्याच काँग्रेसने एकोणतीस वर्षांनी, आणि या वेळी खऱ्याखुऱ्या निवडणुकीच्या तोंडावर, वेगळे काही करून दाखवले. एप्रिल १९३६ मध्ये लखनौच्या अध्यक्षीय भाषणात जवाहरलाल नेहरूंनी समाजवादाचा उघड पुरस्कार केला. कार्यकारिणीतील बहुसंख्य सदस्यांना तो मान्य नव्हता. २९ जूनला वर्ध्याहून सात सदस्यांनी राजीनाम्याचे पत्र दिले. त्यात राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई पटेल, राजगोपालाचारी, कृपलानी, जयरामदास दौलतराम, जमनालाल बजाज आणि शंकरराव देव यांच्या सह्या होत्या. काँग्रेसने समाजवाद स्वीकारलेला नसताना या टप्प्यावर त्याचा प्रचार करणे देशाच्या हिताला बाधक आहे, अशी त्यांची तक्रार होती. प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका काही महिन्यांवर आलेल्या असताना पक्षाच्या अध्यक्षावर त्याच्याच कार्यकारिणीने अविश्वास दाखवावा, याहून गंभीर पेच कल्पिता येत नाही.

गांधीजींच्या मध्यस्थीने राजीनामे मागे घेतले गेले, ही या गोष्टीची सर्वज्ञात बाजू. मला दुसऱ्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, त्या वर्षाअखेरच्या फैजपूर अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी वल्लभभाईंचे नाव पुढे आले असता त्यांनी ते मागे घेतले, आणि आपण माघार घेतो याचा अर्थ नेहरूंची सर्व मते आपल्याला मान्य आहेत असा कोणी करू नये, असे जाहीर निवेदनात स्पष्ट म्हटले. मतभेद लपवला गेला नाही. त्याच्यासह एकत्र राहण्याचे ठरले. दुसरी गोष्ट ऑगस्ट १९३६ मध्ये मुंबईत संमत झालेल्या निवडणूक जाहीरनाम्याची आहे. १९३५ च्या नव्या भारत सरकार कायद्याखाली प्रांतांत मंत्रिपदे स्वीकारायची की नाकारायची, यावर पक्षात दोन तट होते आणि समाजवादी गटाचा मंत्रिपदांना कडवा विरोध होता. जाहीरनाम्याने या प्रश्नावर गोलमाल शब्द वापरले नाहीत. हा निर्णय निवडणुकीनंतर घेणे इष्ट ठरेल, असे त्यात सरळ लिहिले होते. मतदाराला माहीत होते की ही एक गोष्ट ठरलेली नाही. मार्च १९३७ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे तो प्रश्न आला, मंत्रिपदे पूर्णपणे नाकारावीत ही जयप्रकाश नारायण यांची उपसूचना मतदानात फेटाळली गेली, आणि जुलैपासून प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे कामाला लागली.

जे मुद्दे असे निवडणुकीआधी नेटाने सोडवले गेले नाहीत, ते नंतर उलटून आले, हेही सांगितले पाहिजे. फैजपूरच्या शेतीविषयक कार्यक्रमात खंड आणि सारा कमी करण्याची मागणी होती, पण जमीनदारी रद्द करण्याचा उल्लेख नव्हता, कारण त्यावर पक्षात एकमत होणे शक्य नव्हते. जाहीरनाम्याने कामगारांना संघटनेचा आणि संपाचा हक्क मान्य केला होता. गिरणीमालकांशी असलेले पक्षाचे नाते मात्र त्यात कुठेच नव्हते. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणून संपावर बंधने घातली, तेव्हा ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. त्या लढ्यात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उभे होते. दोन वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाला पक्षाने आपल्या बैठकीत बगल दिली होती, तो आता रस्त्यावर उभा होता, आणि त्याचे उत्तर पक्षाला सत्तेत बसून द्यावे लागत होते.

निवडणुकीआधी वाद उघड करणे म्हणजे पराभव ओढवून घेणे, हा आक्षेप हलका नाही आणि त्याला उदाहरणांचा आधारही आहे. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे देता येईल. जानेवारी १९८१ मध्ये चार ज्येष्ठ नेत्यांनी वेगळी वाट धरली आणि मार्चमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. त्याच वर्षी उपनेतेपदासाठी डेनिस हीली आणि टोनी बेन यांच्यात जी लढत झाली, ती हीली यांनी एक टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकली. १९८३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा मिळाल्या. पक्षातल्या भांडणांना मतदार कंटाळले, हे या निकालाचे एकमेव कारण नसले तरी एक कारण नक्कीच होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्या पराभवाचा नीट विचार केला तर दोष वाद उघड असण्याकडे जात नाही. पक्षाने एकतर्फी अण्वस्त्रत्यागाचे धोरण जाहीरनाम्यात घेतले होते, आणि ऐन प्रचारात माजी पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांनी त्या धोरणाविरुद्ध जाहीर भाषण केले. म्हणजे निर्णय झाला होता, पण हरलेल्या बाजूने तो निर्णय म्हणून स्वीकारला नव्हता, आणि जिंकलेल्या बाजूनेही हरलेल्यांना पटवण्याची तसदी घेतली नव्हती. वाद कधी सुरू करायचा हे त्यांना माहीत होते, तो कधी थांबवायचा हे कोणीच ठरवले नव्हते. माझा आग्रह वादाला मोकळीक असावी इतकाच नाही. त्याला मुदत असावी, आणि मुदत संपल्यावर सर्वांनी एकाच व्यासपीठावरून एकच गोष्ट सांगावी, हाही त्याचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

ही शिस्त पाळली गेली की काय घडू शकते, हे अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाने १९४८ मध्ये दाखवले. फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात नागरी हक्कांवरचा मसुदा श्रेष्ठींनी मुद्दाम मोघम ठेवला होता. दक्षिणेकडील राज्ये पक्षाचा बालेकिल्ला होती, तिथे वर्णभेदाचे कायदे चालू होते, आणि ती दुखावली तर अध्यक्ष ट्रुमन निवडून येणे अशक्य आहे असे बहुतेक जाणकार मानत होते. १४ जुलैला मिनियापोलिसचे ३७ वर्षांचे महापौर ह्यूबर्ट हम्फ्री व्यासपीठावर गेले आणि राज्यांच्या हक्कांच्या सावलीतून बाहेर पडून मानवी हक्कांच्या स्वच्छ उन्हात चालावे, असे त्यांनी पक्षाला आवाहन केले. त्यानंतर मतदान झाले. नागरी हक्कांचा स्पष्ट मजकूर ६५१.५ विरुद्ध ५८२.५ मतांनी जाहीरनाम्यात गेला. मिसिसिपीचे सर्व आणि अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी सभागृह सोडून निघून गेले.

सभागृहाच्या दारातून बाहेर पडणारी ती रांग ही कोणत्याही पक्षनेत्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी भीती असते. ती या वेळी खरी ठरली. दक्षिणेतील बंडखोरांनी वेगळा पक्ष काढून स्ट्रॉम थर्मंड यांना अध्यक्षपदासाठी उभे केले, आणि त्यांनी दक्षिणेतील चार राज्ये जिंकली. तरीही नोव्हेंबरमध्ये ट्रुमन ३०३ निर्वाचक मते घेऊन विजयी झाले, आणि उत्तरेकडील शहरांतील कृष्णवर्णीय मतदारांचा त्यात मोठा वाटा होता. एका मतदानाने निवडणूक जिंकली असा दावा मी करत नाही. पण ते अधिवेशन संपल्यावर देशातल्या कोणत्याही मतदाराला, समर्थकाला किंवा विरोधकाला, पक्षाची भूमिका काय आहे याविषयी शंका उरली नव्हती. त्या मजकुराच्या बाजूने किती प्रतिनिधी उभे राहिले आणि विरोधात किती, याची अर्ध्या मतापर्यंतची नोंद इतिहासात आहे.

पश्चिम जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने नोव्हेंबर १९५९ मध्ये बाड गोडेसबर्ग येथे मार्क्सवादी भूमिका सोडणारा नवा कार्यक्रम ३२४ विरुद्ध १६ मतांनी स्वीकारला, तोही याच प्रकारचा निर्णय होता. दहा वर्षांनी त्या पक्षाचे विली ब्रांट चॅन्सेलर झाले.

आपल्याकडे याच्या नेमके उलट जे घडले, ते जनता पक्षाचे. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकांची घोषणा झाली आणि पाच दिवसांत जनता पक्ष उभा राहिला. जनसंघ, संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल आणि समाजवादी यांची एकमेकांशी जुळणारी आर्थिक किंवा सामाजिक दृष्टी नव्हती. स्वतःचे चिन्हही नव्हते, म्हणून पक्षाचे उमेदवार लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढले. या पक्षावर टीका करताना न्याय केला पाहिजे. नेते तुरुंगातून बाहेर येत होते, वेळ दोन महिन्यांचा होता, आणि लोकांसमोरचा त्या वेळचा पहिला प्रश्न आणीबाणी हाच होता. त्याचे उत्तर पक्षाने दिले. २९५ जागा जिंकून सत्तेवर आल्यावर ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या तरतुदींना लगाम घातला. निवडणुकीआधी बाकीचे वाद सोडवता आले नाहीत, हा त्यांचा दोष मी मानत नाही.

दोष त्यानंतरचा आहे. पूर्वीच्या जनसंघीयांचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेले नाते पक्षाच्या सदस्यत्वाशी सुसंगत आहे का, हा दुहेरी निष्ठेचा प्रश्न सर्वांना पहिल्या दिवसापासून दिसत होता. समाजवादी नेते मधु लिमये यांनी तो मांडला. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रामाणिक युक्तिवाद होता. एका बाजूला तो पक्षाच्या धर्मनिरपेक्षतेचा प्रश्न वाटत होता, दुसऱ्या बाजूला आपल्या आयुष्यभराच्या ओळखीचा. अशा प्रश्नासाठी पक्षाने कधी तारीख ठरवली नाही. तो नेत्यांच्या वैयक्तिक स्पर्धेत मिसळत गेला, आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंचे सरकार कोसळले तेव्हा विचाराचा वाद कुठे संपतो आणि पंतप्रधानपदाचा कुठे सुरू होतो, हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या वाट्याला ३१ जागा आल्या. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी निर्भयपणे मत दिले होते, त्यांच्या विश्वासाचे हे काय झाले, याचे दुःख त्या पिढीतील अनेकांच्या बोलण्यात अजून जाणवते.

आपल्या कायद्यांनी या बाबतीत पक्षांना मदत केलेली नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्याचे २१ वे कलम पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी असे बजावते. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली नोंदणी करताना पक्षाला घटना सादर करावी लागते, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता या तत्त्वांवरील निष्ठा लिहून द्यावी लागते. पण ती पाळली जाते का हे तपासून नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. पक्षांतराला बंदी घालणारी राज्यघटनेची दहावी अनुसूची १९८५ मध्ये आली. आधी एक तृतीयांश आमदार-खासदारांच्या फुटीला तिच्यात सूट होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी उरली. ही अनुसूची सभागृहातल्या मतदानाला लागू आहे, पक्षाच्या बैठकीतल्या मताला नाही. तरी पक्षादेशाची सवय सभागृहातून बैठकीत उतरली आहे, आणि वेगळे मत म्हणजे शिस्तभंग असे समीकरण कार्यकर्त्यांच्या मनात पक्के बसले आहे.

याचा परिणाम महाराष्ट्राने अलीकडेच पाहिला. १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाच्या पंधराव्या परिच्छेदाखाली खरा पक्ष कोणता हे आयोगाला ठरवावे लागते. शिवसेनेच्या बाबतीत फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीत फेब्रुवारी २०२४ मध्ये हा निर्णय अखेर विधिमंडळातील संख्याबळावर झाला, कारण पक्षाची घटना किंवा संघटनेतील बहुमत ही कसोटी भरवशाची ठरली नाही. यात कोण बरोबर होते हा या लेखाचा विषय नाही. मला खटकते ते एवढेच की दोन्ही वेळा पक्ष कोणाचा हे ठरवताना त्याच्या सामान्य सदस्याचे मत मोजण्याजोगे उरलेले नव्हते. ज्या पक्षात विचाराचा प्रश्न कधी सदस्यांपुढे मतदानाला गेलाच नाही, त्याचा मालक कोण हा प्रश्न सुटण्याची वेळ येते तेव्हा सदस्यांना कोणी विचारणारच नाही.

म्हणून माझी मागणी पक्षांकडे आहे, आणि ती कायदा बदलण्याची वाट न पाहता पुरी करता येण्यासारखी आहे. निवडणुकीच्या पुरेसे आधी, उमेदवारीच्या हालचाली सुरू होण्यापूर्वी, जाहीरनाम्याचा मसुदा सदस्यांपुढे ठेवावा. उपसूचना लेखी घ्याव्यात आणि प्रत्येक उपसूचनेला उत्तर द्यावे. सुरतेची चिठ्ठी पुन्हा कोणाच्या टेबलावर पडून राहू नये. वादाच्या मुद्द्यांवर मतदान व्हावे आणि आकडे प्रसिद्ध व्हावेत. हरलेल्या बाजूच्या माणसाची उमेदवारी त्या कारणाने कापली जाऊ नये, कारण ती एकदा जरी कापली गेली तरी पुढच्या वेळी कोणी उपसूचना देणार नाही. मतदान झाल्यावर मात्र पराभूत नेत्याने प्रचारात त्याविरुद्ध बोलू नये, आणि बोलायचेच असेल तर आधी व्यासपीठ सोडावे. जो प्रश्न सुटला नाही, तो १९३६ च्या जाहीरनाम्याप्रमाणे न सुटलेला म्हणून, आणि त्याचा निर्णय कोण कधी घेणार हे सांगून, लिहावा.

यात सर्वांत मोठा लाभ नेत्यांचा नाही, दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा आहे. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत तो हातात पत्रके घेऊन एखाद्या दारात उभा असतो, आणि आतली बाई त्याला विचारते की तुमचा एक नेता असे म्हणतो आणि दुसरा तसे, मग तुमचे सरकार आले तर नेमके काय करणार? आज तो उत्तर टाळतो, चिन्ह लक्षात ठेवा म्हणतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. त्याला काही माहीत नाही असे नाही; पक्षात काय चालले आहे हे त्याला त्या बाईपेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असते. त्याच्याकडे नसतो तो एक कागद, ज्यावर हा प्रश्न मतदानाला घेतला गेला, इतक्या मतांनी असे ठरले आणि विरोधात मत देणाऱ्यांत मीही होतो, असे त्याला तिला सांगता आले असते.